बॉयलरच्या पंख्यांविषयी संचालक मंडळांना खुले पत्र

मा. अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि सर्व संचालक,
राज्यातील सहकारी साखर कारखाने



हंगाम संपला की बोर्डापुढे ओव्हरहॉलिंगचे विषय येतात. मिलचे रोलर, बॉयलरच्या ट्यूबा, टर्बाइनची बेअरिंग, सेंट्रिफ्युगलच्या जाळ्या. अलीकडे या यादीत आणखी एक ओळ दिसू लागली आहे: ‘आयडी व एफडी फॅनकरिता व्हीएफडी पॅनेल खरेदी करणे’. विषय वाचला जातो, तीन कोटेशनांचा तुलनात्मक तक्ता फिरतो, सर्वांत कमी दराला मंजुरी मिळते आणि बैठक ऊसबिलाकडे वळते. पाच मिनिटांत उरकणाऱ्या या विषयासाठी तुमचा अर्धा तास मागावा, म्हणून हे पत्र.

मी ऊसउत्पादक सभासद आहे. नोकरीही कारखान्यांच्या इलेक्ट्रिकल खात्यात केली, आणि निवृत्तीनंतर वीज कुठे जाते ते मोजण्याची कामं करतो. व्हीएफडी, म्हणजे मोटारीचा वेग कमी-जास्त करणारे ड्राइव्ह, विकण्याचा धंदा माझा नाही, कुणा विक्रेत्याशी नातंही नाही. माझी तक्रार एवढीच आहे की आपले कारखाने ड्राइव्ह विकत घेतात आणि बचत मात्र घ्यायची राहून जाते. दोष पॅनेलचा क्वचितच असतो. बहुतेक वेळा तो मंजुरीच्या आधी न विचारलेल्या प्रश्नांत असतो, आणि ते प्रश्न विचारण्याचा अधिकार बोर्डाचा आहे, चीफ इंजिनिअरचा एकट्याचा नाही.

अग्निप्रदीपनाच्या दिवशी पूजा बॉयलरच्या तोंडाशी होते, त्यामुळे मागच्या बाजूला, चिमणीच्या पायथ्याशी काय चाललंय ते फारसं कुणी पाहत नाही. तिथे आयडी फॅन असतो. भट्टीतला धूर ओढून चिमणीत लोटणं हे त्याचं काम. पुढून भट्टीत हवा ढकलतो तो एफडी फॅन, आणि बगॅस भट्टीत पसरायला जो वारा लागतो तो देणारा एसए फॅन. एक जण ढकलतो, दुसरा ओढतो, आणि भट्टीत वातावरणापेक्षा किंचित कमी दाब राहील असा मेळ घालायचा असतो. उणे दोन ते पाच मिलिमीटर पाण्याइतका. तो मेळ चुकून दाब वर गेला की दारातून ज्वाळा बाहेर येते; फार खाली गेला की फटींमधून गार हवा आत ओढली जाते आणि वाफ पडते.

बॉयलरवरचा भार मात्र दिवसभर एकसारखा नसतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. गाड्या अड्ड्यावर आल्या नाहीत की ‘नो केन’, मिलमध्ये लोखंडाचा तुकडा गेला की थांबा, पाऊस झाला की बगॅस ओलं. एकदम दोन पॅन चढवले की वाफेची मागणी वर, उतरवले की खाली. त्या प्रत्येक चढउताराला हवा कमी-जास्त करावी लागते. ती आपण आजवर डॅम्परने करत आलो. मोटार पूर्ण वेगातच फिरत राहते आणि वाटेतली झडप मिटून हवा अडवली जाते. विहिरीवरची मोटार पूर्ण जोरात चालू ठेवून पाटाचं पाणी कमी हवं म्हणून व्हॉल्व्ह अर्धा मिटावा, तसं. पाणी कमी होतं. बिल त्या मानाने होत नाही.

ड्राइव्ह काय करतो? आलेली ५० हर्ट्झची वीज आधी एकदिश करतो, कपॅसिटरमध्ये साठवतो आणि तिचे तुकडे पाडून हव्या त्या वारंवारतेची वीज मोटारीला देतो. सहा पोलची मोटार ५० हर्ट्झवर मिनिटाला हजार फेऱ्यांच्या जरा खाली फिरते. ४० हर्ट्झ दिले की आठशेच्या आसपास. वेग उतरला की हवा त्याच प्रमाणात उतरते, दाब वेगाच्या वर्गाने आणि शक्ती वेगाच्या घनाने. सगळा फायदा या घनात आहे.

आकड्यांत पाहू. २५० किलोवॉटची मोटार लावलेला एक आयडी फॅन घ्या. पूर्ण हवेला तो २२० किलोवॉट खातो असं धरा. बॉयलरला त्यातली ८० टक्केच हवा पुरते. डॅम्पर मिटून ती ८० टक्क्यांवर आणली, तर मीटर दोनशेच्या खाली फारसा येत नाही. डॅम्पर सताड उघडून पंख्याचाच वेग ८० टक्के केला, तर ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ०.५१. दोनशेवीसचे ११३ होतात. ड्राइव्ह स्वतः दोन-तीन टक्के खातो, मोटारीचीही थोडी तूट वाढते, १२० धरा. फरक ऐंशी किलोवॉटचा, तोही एका पंख्यावर. हवा ६० टक्क्यांवर आली, तर पंख्याला लागणारी शक्ती २२ टक्क्यांच्या आत येते. डॅम्परने हे कधीच जमत नाही.

आता तुम्ही विचाराल, ८० टक्केच हवा लागत असेल तर एवढा मोठा पंखा घेतलाच कशाला? प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर आपल्या खरेदीच्या पद्धतीत आहे. सल्लागार हिशोबावर थोडं चढवतो. बॉयलरवाला हमीच्या भीतीने आणखी चढवतो. पंखेवाल्याकडे नेमका तो आकार नसतो म्हणून तो वरचा देतो, आणि मोटार त्याच्याही वरच्या मापाची येते. ‘पुढे विस्तार होईल’ हे पालुपद तर आपलंच. हवा २० टक्के जादा धरली की दाब ४४ टक्के जादा धरला जातो आणि शक्ती ७३ टक्के. या गुणाकारावर कुणाचीच सही नसते, कारण प्रत्येकाने आपापल्यापुरती थोडीच भर घातलेली असते. शिवाय थंड बॉयलर पेटवताना तीस अंशांची हवा ओढावी लागते. ती दीडशे अंशांच्या धुरापेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी जड असते, म्हणून त्या काही तासांसाठी मोटार मोठी घेतात आणि पुढे हंगामभर ती अर्ध्या ताकदीवर फिरते. प्रदूषण नियंत्रणासाठी मागे वेट स्क्रबर होता त्या जागी ईएसपी आला असेल, तर धुराच्या वाटेतला अडथळाच कमी झाला. पंखा तोच राहिला.

इथवर जे लिहिलं ते विक्रेत्याच्या माहितीपत्रकातही सापडेल. न सापडणारी गोष्ट अशी.

एका कारखान्यात हंगामाच्या ऐन भरात गेलो होतो. नाव सांगत नाही; तसेच आणखी असतील. आयडी फॅनला ड्राइव्ह बसवून दोन हंगाम झाले होते आणि चेअरमन साहेबांनी वार्षिक सभेत त्याचा उल्लेखही केला होता. ड्राइव्हच्या खोलीचं दार उघडं, दाराला वीट लावलेली. एसी बंद. पॅनेलच्या दाराला असलेल्या फिल्टरच्या जाळीवर बगॅसच्या भुश्शाचा बोटभर थर, इतका की बोटाने नाव काढता यावं. पॅनेलसमोर एक टेबल फॅन लावलेला. आत तापमान वाढलं की ड्राइव्ह ट्रिप होई, आयडी फॅन ट्रिप झाला की इंटरलॉकने एफडी जाई, बॉयलर बसे, वाफ पडे, मिल थांबे. रात्रपाळीच्या बॉयलर अटेंडंटने हे दोनदा भोगलं आणि तिसऱ्यांदा सिलेक्टर स्विच ‘बायपास’वर फिरवून ठेवला. बायपास म्हणजे ड्राइव्ह बाजूला आणि मोटार थेट ५० हर्ट्झवर. कंट्रोल रूममध्ये डॅम्परचा काटा ४५ टक्क्यांवर. ड्राइव्ह घेण्याआधी जिथे असायचा, तिथेच.

त्या माणसाला मी दोष देणार नाही. मिल थांबली तर सकाळी कैफियत त्याला द्यावी लागते. वीज जास्त गेली तर कुणी विचारत नाही. लॉगशीटवर वाफेचा दाब, तापमान, फीड वॉटर, ड्राफ्ट यांचे रकाने असतात. आयडी फॅनच्या युनिटांचा रकाना मी फार थोड्या ठिकाणी पाहिला.

दुसरा प्रकार याहून साळसूद. ड्राइव्ह चालू असतो, बायपासवर नसतो, पण ४८-४९ हर्ट्झवर स्थिर ठेवलेला असतो आणि भट्टीचा ड्राफ्ट पूर्वीसारखाच डॅम्पर सांभाळत असतो. कारण ड्राफ्टचा ट्रान्समीटर डॅम्परच्या ॲक्च्युएटरला जोडलेला होता, तो ड्राइव्हला जोडण्याचं काम खरेदी आदेशात कुणी लिहिलंच नाही. पॅनेलवाला म्हणतो ते इन्स्ट्रुमेंटवाल्याचं, इन्स्ट्रुमेंटवाला म्हणतो माझ्या करारात नाही. पॅनेलचे दिवे लागलेले असतात, पडद्यावर आकडे हलत असतात, भेटीला आलेल्या पाहुण्यांना दाखवायला छान. वीज मात्र जवळपास पूर्वीइतकीच जाते, वर ड्राइव्हची दोन-तीन टक्के तूट. तेव्हा मंजुरी देताना एक ओळ ठरावातच घाला: डॅम्पर पूर्ण उघडा ठेवून भट्टीचा ड्राफ्ट ड्राइव्हच्या वेगाने, आपोआप, सलग पंधरा दिवस सांभाळून दाखवल्याशिवाय काम पूर्ण धरलं जाणार नाही.

पैशांचा हिशोब. इथे बोर्डाने फार सावध राहावं. माहितीपत्रकात वर्षाचे ८,००० तास धरलेले असतात, कारण ते सिमेंट किंवा पोलाद कारखान्यासाठी लिहिलेलं असतं. आपला हंगाम १०० दिवसांचा धरला तर तास होतात २,४००. वरच्या ऐंशी किलोवॉटची बचत ८,००० तासांवर ६ लाख ४० हजार युनिट दिसते; आपल्याकडे ती १ लाख ९२ हजार युनिट आहे. युनिटला पाच रुपये धरले (तुमच्या करारातला दर घाला), तर साडेनऊ लाखांच्या आसपास. ही रक्कम लहान नाही, पण बत्तीस लाखही नाही. ‘एका वर्षात पैसे वसूल’ असं कुणी म्हणालं की पहिला प्रश्न तासांचा विचारा. ज्यांचा सहवीज प्रकल्प साठवलेल्या बगॅसवर हंगामानंतरही चालतो, त्यांनी तेवढे तास जरूर मिळवावेत.

दुसरा प्रश्न त्याहून अवघड आहे आणि तो विक्रेता कधीच काढणार नाही: वाचलेली वीज जाणार कुठे? ज्यांचा सहवीजनिर्मिती प्रकल्प महावितरणला वीज देतो, त्यांना उत्तर सोपं आहे. पंख्यांनी न खाल्लेलं युनिट विक्रीला जातं. पण जुनी बॅक-प्रेशर टर्बाइन असलेला, बाहेर वीज न विकणारा कारखाना असेल, तर हिशोब बदलतो. टर्बाइनमधून बाहेर पडणारी वाफच पुढे रस आटवायला आणि पॅनला लागते. विजेची गरज घटली की टर्बाइनमधून वाफ कमी जाते आणि ती तूट बॉयलरची वाफ दाब उतरवून थेट सोडून भरून काढावी लागते. बगॅस वाचतं, पण टर्बाइनमध्ये विजेत रूपांतर होणाऱ्या उष्णतेपुरतंच. अशा ठिकाणी पाच रुपयांनी गुणलेला तक्ता खोटा ठरतो. त्या कारखान्यांनी पंख्याआधी प्रोसेसमधली वाफ कमी करण्याकडे पाहावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

बगॅसवरून आठवलं. टनभर उसामागे २८० ते ३०० किलो बगॅस निघतं, त्यात निम्मं पाणी. ते जाळताना लागते त्याहून थोडी जादा हवा द्यावीच लागते; पण बहुतेक भट्ट्यांना ती फारच जादा दिली जाते, कारण डॅम्परच्या सांध्यांत ढिलाई असते आणि अटेंडंट सुरक्षित बाजूला राहतो. जादा हवा भट्टीत तापते आणि ती उष्णता घेऊन चिमणीतून निघून जाते. एफडी फॅनला ड्राइव्ह असेल आणि धुरातला ऑक्सिजन मोजणारा प्रोब चालू असेल, तर ही हवा हळूहळू आवळता येते. माझ्या अंदाजाने काही कारखान्यांत विजेच्या बचतीपेक्षा ही बगॅसची बचत मोठी निघेल. अट एकच, प्रोब चालू हवा. तो बहुधा बंद असतो. ड्राइव्हवर लाखो रुपये घालणाऱ्या बोर्डाने ‘ऑक्सिजन ॲनालायझर शेवटचा कधी कॅलिब्रेट केला’ एवढं विचारलं तरी इंजिनिअरिंग खात्यात हालचाल होईल.

प्रत्येक पंख्याला ड्राइव्ह हवाच असंही नाही. एसए फॅनला बगॅस फेकण्यापुरता दाब कायम लागतो. वेग फार उतरवला तर बगॅस भट्टीच्या तोंडाशीच ढीग करतं. तिथे घनाचा नियम कागदावरच राहतो. एखादा पंखा हंगामभर एकाच कमी भारावर चालत असेल, त्यात चढउतार नसेल, तर ड्राइव्हपेक्षा इम्पेलर बदलणं किंवा बेल्टवरचा असेल तर पुली बदलणं कितीतरी स्वस्त. सहाऐवजी आठ पोलची मोटार बसवली तरी वेग पाऊणपट होतो, आणि तिला ना एसी लागतो ना फिल्टर. ड्राइव्हचा पैसा बदलत्या भारासाठी मोजायचा. म्हणून आधी आयडी, मग एफडी, बाकीचं मोजून पाहून.

तांत्रिक अटी मी इंजिनिअरांवर सोपवतो, पण सर्वांत कमी दराच्या नादात कापल्या जाणाऱ्या काही गोष्टी तुमच्या कानावर असाव्यात. ड्राइव्ह जाळ्यातून वीज सरळ घेत नाही, तुकड्यांनी घेतो. त्यातून पाचव्या, सातव्या पटीचे हार्मोनिक तयार होतात. आपण हंगामात स्वतःच्या टर्बाइनवर असतो, पॉवर फॅक्टरसाठी मोठी कपॅसिटर बँकही जोडलेली असते. मोठे ड्राइव्ह आणि ही बँक यांचा मेळ न तपासता ते बसवले, तर कपॅसिटर फुगतात आणि खापर कपॅसिटरवाल्यावर फुटतं. चोक हवेत, मोठ्या ड्राइव्हला बारा पल्सची रचना हवी, आणि मोटारीच्या टर्मिनलवर जुना कपॅसिटर असेल तर तो आधी काढायला हवा. जुन्या मोटारीच्या बेअरिंगमधून शाफ्टचा प्रवाह वाहून रेसवर बारीक खड्डे पडतात. एका बाजूला इन्सुलेटेड बेअरिंग घालून हे टळतं. महावितरणची लाइन ट्रिप होऊन व्होल्टेज क्षणभर खचलं, तर ड्राइव्हने लगेच हात वर करू नयेत. आयडी फॅनचं चाक जड असतं, त्याच्या गतीतूनच काही क्षण वीज परत घेऊन तग धरण्याची सोय बऱ्याच ड्राइव्हमध्ये असते. ती सुरू करून घ्यावी लागते. आणि खोली! पॅनेल बॉयलरजवळच्या कोंदट जागेत नको. बंद, थंड, धूळ न शिरणारी खोली निविदेचाच भाग हवी. तुलनात्मक तक्त्यात जो स्वस्त दिसतो, तो बहुधा खोलीशिवायचा दर असतो.

आता वेळेची अडचण. पंखे फिरतात हंगामात आणि खरेदी होते पावसाळ्यात. तोवर कुणाकडेच मोजमाप नसतं, मग विक्रेता सांगेल ती बचत खरी धरावी लागते. म्हणून चालू हंगामातच पंधरा दिवस दर तासाला चार आकडे लिहून घ्या: डॅम्पर किती उघडा, मोटारीचे किलोवॉट किती, भट्टीचा ड्राफ्ट किती, वाफ किती टन. नुसते अँपिअर चालणार नाहीत. भार कमी असताना पॉवर फॅक्टर घसरतो आणि अँपिअर फसवतात. या चार रकान्यांतून टन वाफेमागे पंख्यांना किती युनिट लागली ते निघेल. ड्राइव्ह बसल्यावर पुढच्या हंगामात तोच आकडा पुन्हा काढा. विक्रेत्याच्या बिलाचा एक हिस्सा या दोन आकड्यांतल्या फरकावर अडकवून ठेवा. जो खरा आहे तो कुरकुर करेल आणि मान्य करेल. जो मान्य करणार नाही, त्याचा कमी दर तसाही महागात पडला असता.

आणि रात्रपाळीचा तो अटेंडंट. ड्राइव्ह ट्रिप झाला तर काय करायचं, बायपासवर किती वेळ राहायचं, परत कुणी घ्यायचं, हे मराठीत लिहून पॅनेलशेजारी लावा आणि बायपासवर गेलेल्या प्रत्येक तासाची नोंद चीफ इंजिनिअरच्या सकाळच्या रिपोर्टात येऊ द्या. हंगामाच्या पगारावर काम करणाऱ्या माणसाने स्वतःच्या अंगावर जोखीम घेऊन कारखान्याची वीज वाचवावी, ही अपेक्षा गैर आहे. त्याच्या पाठीशी उभा राहणारा आदेश वरून यायला हवा.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत होईल. अहवालात गाळप, उतारा, साखर पोती, विकलेली वीज हे आकडे असतातच. त्यांच्याखाली आणखी एक ओळ छापा: टन वाफेमागे आयडी व एफडी फॅनची युनिट, गेल्या हंगामाची आणि त्याच्या आधीच्या हंगामाची. माझ्या कारखान्याच्या सभेत मी हा प्रश्न लेखी देणार आहे. इतर सभासदांनीही आपापल्या कारखान्यात तो द्यावा, अशी विनंती या पत्रातूनच करतो.

कळावे,

आपला,
एक ऊसउत्पादक सभासद
(निवृत्त इलेक्ट्रिकल इंजिनिअर)